कळपामागचं पाडस

१

सकाळच्या चहाचं पाणी काढायला अक्का जीपच्या मागे गेल्या. हिरव्या फडक्याचा कॅन त्यांनी रोजच्यासारखा कंबर कसून उचलला आणि तो इतका हलका वर आला, की तोल जाऊन त्या मागच्या चाकावर आदळल्या. भरल्या घड्याला दोन हात लागतात, रिकाम्याला एक बोट पुरतं. त्यांनी कॅन कानाशी धरून हलवला. आत थेंबाचाही आवाज नव्हता.

समोर नजर पोचेल तिथवर वाळू आणि वाळूतून डोकं वर काढलेले काळे दगड. कुणी डोंगर जात्यात भरडावा आणि पीठ-कोंडा तसाच टाकून निघून जावं, तसं सगळं. मागे रात्रीच्या मुक्कामाची झोपडी आणि उभा कडा, कड्याच्या पोटात हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी रंगवलेली भिंत आणि शेजारच्या टेकाडावर पडझड झालेलं जुनं गाव, ज्याची विहीर कुणाच्या पणजोबांच्याही आधी आटली होती. पुढचं पाणी चौकीवर. चौकी दिवसभराच्या वाटेवर, आणि वाट म्हणजे तरी काय, आधी गेलेल्या गाडीच्या चाकांनी वाळूवर ठेवलेली आठवण.

जीपमध्ये कॅन दोन. हिरव्या फडक्याचा पिण्याचा. लाल फडक्याचा इंजिनाचा; त्यातलं पाणी वाटेतल्या विहिरीचं, इतकं खारं आणि कडू की जिभेला लावलं तर उलटी व्हावी. तो काठोकाठ भरलेला होता. हिरवा मात्र कालच्या दुपारी अर्ध्याच्या वर होता, हे अक्कांनी स्वतः पाहिलं होतं.

अक्कांचा सगळा जन्म विम्याच्या दाव्यांची पाहणी करण्यात गेला होता. जळलेली गोदामं, उलटलेले ट्रक, पुराने फुगलेल्या पोत्यांच्या थप्प्या. आग लागली की लावली, हे त्या राखेच्या रंगावरून सांगत. कचेरीत त्यांना पाठीमागे सगळे ‘भिंग’ म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यामुळे पाणी गेल्याची भीती मनात यायच्या आधी हात सवयीने कामाला लागले. झाकण घट्ट. खालची वाळू कोरडी. कॅनला चीर नाही, भोक नाही. म्हणजे तो गळला नव्हता. कुणीतरी ओतला होता, आणि ओतून झाकण लावून जागेवर ठेवला होता.

मास्तर, म्हणजे अक्कांचे यजमान, दगडावर बसून वाळूत बोटाने काहीतरी काढत होते. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. दिवाणखान्यात त्यांनी एका जुन्या पुस्तकातलं पान चौकटीत लावलं होतं: कड्यावरच्या याच भिंतीवरचा हरणांचा कळप. दरवर्षी नव्या वर्गाला ते तो फळ्यावर काढून दाखवत. निवृत्तीनंतर एकच हट्ट, मरायच्या आधी तो कळप डोळ्यांनी पाहायचा. म्हणून ही सगळी हाडं खिळखिळी करणारी वाट.

“चहा झाला का? आणि माझा कप कुठे ठेवलास? कालपर्यंत उजव्या हाताला असायचा,” मास्तर म्हणाले. “जागच्या जागी ठेवत जा गं वस्तू. किती वेळा सांगायचं?”

निवृत्त झाल्यापासून हे एक नवं खूळ होतं. घरात मिठाची बरणी वीतभर सरकली तरी यांचा आवाज चढे.

“मागे एक पाडस राहिलंय बघ,” ते वाळूकडे वाकून पुन्हा म्हणाले, आपल्याशीच बोलल्यासारखे. “कळप चालला पुढे, आणि हे बापडं मागे.”

“अहो, पाडस राहू द्या. पाणी गेलंय सगळं.”

“कुठलं? पिण्याचं?”

“पिण्याचंच. इंजिनाचं असतं तर मी कशाला बोंबलले असते?”

मास्तरांचं बोट वाळूत होतं तिथेच थांबलं. अक्कांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांची नजर जीपच्या पुढच्या दारापाशी गेली होती. ड्रायव्हर पाठमोरा उभा राहून आपलं गाठोडं पायाने हळूच सीटखाली सरकवत होता.

२

ड्रायव्हरचं नाव चिमणीने पहिल्याच दिवशी ‘मफलर’ ठेवलं होतं. चिमणी म्हणजे अक्कांसोबत आलेल्या धाकट्या जावेची मुलगी. मासिकांसाठी फोटो काढणारी, तिशीला आलेली, पण घरात चिमणीच राहिलेली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. अंगाची लाही होत असतानाही हा चाळिशीचा माणूस नाकापासून हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळून बसे. जेवायला सगळ्यांपासून लांब, गाडीच्या आडोशाला. पावही चहात बुडवून बुडवून. हसलाच तर डोळ्यांनी.

‘लपवण्यासारखं काही असल्याशिवाय माणूस तोंड लपवत नाही,’ असं अक्का जावेला म्हणाल्याही होत्या.

“गाठोडं बाहेर काढा,” अक्का म्हणाल्या. एव्हाना मास्तर सोडून सगळे गाडीभोवती जमले होते.

“माझे कपडे आहेत ताई त्यात.”

“मग दाखवायला काय जातंय? कॅन तुमच्या ताब्यात असतो. काल तुम्ही त्याची जागाही बदललीत. पिण्याचा नेहमी उजवीकडे असतो, आज डावीकडे होता.”

“बदलली, खरं आहे. काल दुपारी गाडी रुतली तेव्हा सगळं उतरवलं होतं ना आपण? चढवताना पिण्याचा डावीकडे सावलीत घेतला. पाणी तापायला नको म्हणून.”

“आणि आम्हाला सांगितलं नाहीत.”

“सांगायचं काय त्यात? फडकं आहे की. हिरवं पिण्याचं, लाल इंजिनाचं. डोळे मिटून गेलात तरच चुकाल.”

हे उत्तर अक्कांना उद्धट वाटलं. पाहणीला गेल्यावर जो माणूस शांतपणे उत्तरं देतो तो पाठ करून आलेला असतो, असा त्यांचा जुना आडाखा. त्यांनी स्वतःच वाकून गाठोडं ओढलं. सदरे, टॉवेल, आणि त्याच्या घडीत स्टीलचा एक उभा डबा. हलवला तर आत पाणी डचमळलं.

“हे कपडे का?”

“ताई, ते नका. तो डबा नका उघडू,” ड्रायव्हर मफलरच्या आडून बोलला. त्याचं बोलणं आज जरा बोबडं, फुसफुसल्यासारखं येत होतं. “तुमच्या पाया पडतो. बाजूला चला, तुम्हाला एकटीला सांगतो.”

“जे असेल ते सगळ्यांसमोर. आणि ऐका, चौकीवर फोन आहे. गाडीच्या मालकाला मी सांगणार, की तुमचा माणूस वाळवंटात लोकांचं पाणी लपवतो.”

“मालक कामावरून काढतील. ते दुसऱ्यांदा विचारत नाहीत.”

“मग आधी विचार करायचा होता.”

आणि त्यांनी झाकण उघडलं, डबा तोंडाला लावला, आणि पाणी गोडं आहे की खारं हे पाहण्यासाठी एक घोट घेतला.

खारं होतं. कडू जहर. अक्कांनी थुंकून डबा उन्हाकडे कलता केला. तळाशी, गुलाबी हिरडीसकट, दातांची पूर्ण कवळी त्यांच्याकडे पाहून हसत होती.

३

कुणी काही बोललं नाही. चिमणीच्या तोंडून हसू फुटलं, तेही तिने लगेच गिळलं. ड्रायव्हरने डबा घेतला, सगळ्यांकडे पाठ केली, आणि मफलरखाली हात नेऊन दात बसवले. वळून बोलला तेव्हा शब्द स्वच्छ होते.

“गाडीचा जॅक निसटून दांडा तोंडावर बसला होता. बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “आता आहे.”

अक्कांना वाटलं, आपल्या पायाखालची वाळू सरकून आपल्याला पोटात घेईल तर बरं. त्यांच्या आईच्या तोंडी एक ओवी असे:

*दुसऱ्याचं गं झाकलेलं, नको उघडाया जाऊ,*
*आपलीच लाज बाई, कुण्या पदराआड ठेवू.*

जन्मभर त्या लोकांची झाकलेली पोतीच उघडत आल्या होत्या. पण पोत्याला चेहरा नसतो. आणि तर्क आता लख्ख होता: ज्याने गोडं पाणी लंपास केलं तो दात खाऱ्या पाण्यात कशाला बुडवील? त्या माणसाने आपल्या कवळीसाठीसुद्धा पिण्याचं पाणी वापरलं नव्हतं.

माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. ‘खरा गुन्हेगार समोर आणते, मग मागते,’ असं त्यांनी मनाशी ठरवलं. लाजेला पळवाट हवीच असते.

तेवढ्यात धाकटी जाऊ हुंदके देऊ लागली.

“अक्का, मला मेलीला काय माहीत असं होईल. केसांत वाळूच वाळू झाली होती हो. काल संध्याकाळी तुम्ही टेकाडावर गेलात ना, मी मधूनच परत आले आणि तांब्याभर पाण्याने डोकं धुतलं.”

“तांब्याभर? की कॅनभर?”

“देवाशपथ तांब्याभर. हिरवं फडकं बघून घेतलं. तेव्हा कॅन चांगला जड होता, मला कसाबसाच तिरका करता आला.”

“तेव्हा इथे कोण होतं?”

“कुणी नाही. ड्रायव्हर पुढची वाट बघायला चालत गेला होता. भाऊजी गुडघा दुखतो म्हणून थांबलेले, ते झोपडीत पडले असतील. मी एका पडक्या घराच्या भिंतीमागे केस वाळवत बसले, कुणाला दिसू नये म्हणून. लाज वाटत होती.”

रात्रीपुरतं पाणी दुपारीच बाटल्यांत भरून ठेवलं होतं, त्यामुळे नंतर कॅनला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे पाणी गेलं ते संध्याकाळीच, धाकटीच्या केसांनंतर. पण गेलं कुठे? अर्धा कॅन पाणी माणूस पिऊ शकत नाही. लपवायला दुसरं भांडं नाही. ओतलं असेल तर वाळूने चुगली केलीच पाहिजे.

अक्का वाळू तपासत निघाल्या. जीपभोवती काही नाही. झोपडीभोवती काही नाही. हाकेच्या अंतरावरच्या रंगवलेल्या भिंतीपाशी आल्या, आणि पाऊल पडताच पायाखाली काहीतरी पापडासारखं कुर्रकन मोडलं. त्या खाली वाकल्या. इतरत्र वाळू भुसभुशीत होती. इथे भिंतीच्या पायथ्याशी मात्र तिची कडक साय धरली होती, भिजून वाळल्यावर धरते तशी.

मग त्यांनी मान वर केली. काल अंधूक का होईना, पण अखंड असलेल्या चित्रावरून लाल रंगाचे ओघळ खाली आले होते. शेवटच्या हरणाचे पाय वाहून गेले होते. त्याच्या मागे नुसता एक तांबूस डाग होता, पोर रडून झोपल्यावर गालावर राहतो तसा.

४

“भिंतीवर पाणी मारलं की विटलेला रंग उठून दिसतो,” चिमणी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “फोटोवाले करतात कधीकधी. फार वाईट. ओलं असेतो सुंदर दिसतं, आणि वाळताना रंग सोडून जातं.”

“हे तुला माहीत आहे तर.”

“काकू, माहीत आहे म्हणजे मी केलं? तू डबा उघडलास तसं आता माझं डोकं उघडून बघणार का?”

टोमणा वर्मी बसला. अक्कांनी तो खाल्ला.

“काल इथे फोटो काढलास?”

“काढला. टेकाडावरून उतरताना, सूर्य टेकला होता तेव्हा. भिंत अशी पेटलेली दिसली, मला वाटलं उन्हाची जादू. इथे कुणी नव्हतं. मी चार फोटो काढले, आणि मूर्खासारखी खूश होऊन झोपले.” तिने कॅमेरा पुढे केला. “हा बघ. ओल मला तेव्हा कळायला हवी होती. खाली दगड चमकतोय.”

लहानशा पडद्यावर कळप धावत होता. गेरूसारखा लाल, जिवंत, एकेका शिंगाचं वळण स्पष्ट. पण अक्कांना काहीतरी खटकलं.

“ही हरणं उजवीकडे चाललीत.”

“हो ना. तुमच्या दिवाणखान्यातलं पान उलटं छापलंय. त्यात डावीकडे जातात. मी काल दुपारी आल्या आल्याच बघितलं, म्हटलं काका बोलतील काहीतरी. पण ते नुसते वा वा करत राहिले.” चिमणीने चित्र मोठं केलं. “आणि हे बघ. शेवटच्या हरणामागे. दुपारी हे दिसलंच नव्हतं आपल्याला, इतकं फिकट होतं. ओलं झाल्यावर वर आलं, आणि ओघळाबरोबर गेलं. आता जगात फक्त या फोटोत आहे.”

अक्कांनी डोळे बारीक केले. कळपामागे, चार पाय कसेबसे सावरत, एक पाडस उभं होतं.

त्यांच्या हातातून कॅमेरा निसटणार होता. चिमणीने तो वरच्या वर झेलला.

“काकू, काय झालं?”

“काही नाही,” अक्का म्हणाल्या. “हा फोटो तू अजून कुणाला दाखवलास?”

“कुणालाच नाही. तूच पहिली.”

५

चालत जीपपाशी येईपर्यंत अक्का मनाशी एकच म्हणत होत्या: मी चुकत असू दे. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे कधी मागितलं नव्हतं.

जीपची मागची काच धुळीने पांढरी झाली होती. काल दुपारी, भिंत पाहून आल्याबरोबर, धाकटीने विचारलं होतं, ‘भाऊजी, मला काही धड दिसलं नाही. काढून दाखवा ना.’ आणि मास्तरांनी त्या काचेवर बोटाने कळप काढला होता. तो तसाच होता. डौलदार, एका ओघातला. आणि डावीकडे चाललेला.

भिंतीसमोर उभं राहून आलेल्या माणसाने काढलेला कळप उलटा कसा? तो भिंतीवरचा नव्हताच. तो दिवाणखान्यातला होता, चाळीस वर्षं बोटांत मुरलेला.

त्या दगडापाशी गेल्या. मास्तर तिथेच, मान खाली घालून बसलेले. पायाशी वाळूत आज सकाळचा कळप. उजवीकडे चाललेला. आणि मागे पाडस.

दुपारी ज्याला काहीच दिसलं नव्हतं, त्याला सकाळपर्यंत सगळं दिसलं होतं. जे फक्त ओल्या भिंतीवर उगवलं आणि बुडालं, तेसुद्धा.

एक कोडं मात्र राहिलं होतं. मास्तर प्यायचं पाणी भिंतीवर ओततील? ताटात पाण्याचा अर्धा पेला राहिला तरी कुंडीत घालणारा माणूस? मग तेही सुटलं. इंजिनाचा कॅन नेहमी डावीकडे असायचा. डावीकडचा कॅन उचलणाऱ्याला इंजिनाचंच पाणी हवं होतं. ज्याला फडक्याचा रंग दिसतो तो चुकला नसता. जो जागेवरून वस्तू ओळखतो तोच चुकला असता.

जागच्या जागी ठेवत जा गं वस्तू. मिठाची बरणी. उजव्या हाताचा कप. गेलं वर्षभर वर्तमानपत्र ‘तू वाच, मला तुझ्या तोंडून ऐकायला आवडतं.’ राखेच्या रंगावरून आग ओळखणाऱ्या बाईला याचं अप्रूप वाटलं होतं. म्हातारपणी नवरा प्रेमळ झाला म्हणून ती मनात सुखावली होती.

अक्का शेजारी बसल्या. “अहो, ते पाणी तुम्ही ओतलंत.”

“हो.”

“माझ्या लुगड्याचा रंग कोणता आहे?”

मास्तरांनी अक्कांच्या पदराची कड चाचपली. मग म्हणाले, “सकाळी तू म्हणालीस, मळखाऊ नेसते. म्हणजे तपकिरी असेल.”

निळं होतं.

“कधीपासून?”

“डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाईल. कडेकडेने जातं, मग मधलं धुरकट होतं. रंग आधी जातात.” ते बोटाने पाडसाची पाठ चाचपत होते. “तुला कसं सांगू? सगळे तुला भिंग म्हणतात. भिंगाच्या घरात आंधळा चित्रकलेचा मास्तर. हसले असते लोक.”

“मी लोक आहे का?”

मास्तरांनी तोंड भिंतीच्या दिशेला वळवलं.

“काल दुपारी भिंतीसमोर उभा राहिलो, तर समोर नुसता दगड,” मास्तर सांगू लागले. “जन्मभर पोरांना शिकवलं, चित्राला हात लावू नका, ओला बोळा तर मुळीच नको. आणि मीच गेलो. म्हटलं एक तांब्या. इंजिनाचं खारं पाणी, कुणाचं काय जातंय. ओतलं, आणि अगं, हरणं आली. एवढी लाल, की मलाही दिसली. नाक लावून पाहिलं. मग वाळू लागलं, पुन्हा धूर. पुन्हा ओतलं. दगड पीत गेला, मी पाजत गेलो. कॅन कधी संपला कळलं नाही. रंग वाहतोय हे तर मला दिसणारच नव्हतं.” ते थांबले. “वाहिला का?”

त्या क्षणी खोटं बोलणं किती सोपं होतं. अक्का म्हणाल्या, “वाहिला. पाडस गेलं.”

मास्तरांनी दोन्ही तळहात तोंडावर घेतले.

“आणि सकाळी?” अक्कांचा आवाज कडक झाला, कारण तो मऊ झाला असता तर फुटला असता. “मी त्या माणसाचं गाठोडं सोडत होते तेव्हा तुम्ही इथेच होतात.”

“होतो.”

“तोंड का उघडलं नाहीत?”

“लाज वाटली,” मास्तर म्हणाले. “डब्यात काय निघालं ते मला दिसलं नाही. पण सगळे एकदम गप्प झाले ना, ते ऐकू आलं. तेव्हापासून तेच ऐकतोय.”

६

मास्तर उठले. अक्कांनी हात पुढे केला, तो त्यांनी पहिल्यांदाच उघडपणे धरला. जीपपाशी येऊन त्यांनी ड्रायव्हरच्या दिशेला, म्हणजे जरासं त्याच्या डावीकडे, तोंड केलं आणि सगळं सांगितलं. डोळ्यांचं, भिंतीचं, सकाळच्या गप्प बसण्याचं. धाकटी पुन्हा रडली. चिमणी काकांजवळ गेली आणि त्यांना धरून ड्रायव्हरच्या बरोबर समोर आणलं.

“मास्तर, मला कॅन बदलल्याचं सांगायला हवं होतं,” ड्रायव्हर म्हणाला.

“नाही,” मास्तर म्हणाले. “तुमची चूक काढू नका आता. माझ्याकडे माझी तरी राहू द्या.”

मग अक्का पुढे झाल्या. “भाऊ, मी चुकले. मी तुमची अब्रू चारचौघांत काढली. हे मी तुमच्या पाया पडून…”

“पाया नको.” मफलरवरचे डोळे बारीक झाले. “माझ्या कवळीचं पाणी प्यालात ताई. एवढं प्रायश्चित्त कुणी घेत नाही.”

हसणं बरोबर की चूक हे कुणालाच कळेना, म्हणून सगळे गाडीत बसले.

त्या दिवसाची वाट कुणी विसरणार नव्हतं. थर्मासातला कालचा चहा झाकणाझाकणाने फिरला. संत्र्याची एकेक फोड गालात धरून ठेवायची, चावायची नाही. गाडी दगडांवरून अशी आदळायची की बोलायला गेलं तर जीभ चावली जायची, आणि ते एका परीने बरंच होतं. दोनदा चाकं रुतली. दोनदा सगळे उतरले, मास्तरही. त्यांनी गाडी ढकलताना मागच्या काचेवर तळवे टेकले, आणि काचेवरचा उलटा कळप थोडासा पुसला गेला.

चौकी म्हणजे दोन खोल्या, एक पाण्याची टाकी आणि एक म्हातारा पहारेकरी. त्याने आधी सगळ्यांना पाणी दिलं, घोट घोट प्या म्हणाला, आणि मग कौतुकाने विचारलं, “पाहिली का आमची हरणं?”

“पाहिली,” मास्तर म्हणाले. “आणि मी बिघडवली. पाणी ओतलं त्यांच्यावर. एक पाडस होतं, ते गेलं.”

पहारेकऱ्याच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तो रागावला असता तर सोपं झालं असतं. तो नुसता म्हणाला, “पाडस होतं? मी इतकी वर्षं येतोय-जातोय, मला कधी दिसलं नाही.” आणि भांडं खाली ठेवत, “आता दिसणारही नाही.”

तो वरिष्ठांना कळवायला आतल्या खोलीत गेला. मास्तर आपलं नाव-गाव सांगायला त्याच्या मागे भिंत चाचपत गेले. कुणाला बरोबर येऊ दिलं नाही.

फोन मोकळा झाला तेव्हा ड्रायव्हर दारात उभा होता. “ताई, मालकाला करणार का?”

“करणार,” अक्का म्हणाल्या, आणि त्याच्या देखत बोलल्या: “तुमच्या माणसाने आम्हाला सुखरूप आणलं. पाणी आमच्या घरच्या माणसाच्या हातून गेलं, आणि आळ मी यांच्यावर घातला होता. उद्या कुणाकडून काही उलटसुलट कानावर आलं तर आधी मला विचारा.” डब्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. ड्रायव्हर बाहेर गेला. जाताना त्याने गळ्याभोवतीचा मफलर सैल केला, पुरता सोडला मात्र नाही.

बाहेर कॅन भरून ठेवले होते. अक्कांनी हिरव्या फडक्याला एक गाठ मारली, लाल फडक्याला दोन. हिरवा उजवीकडे, लाल डावीकडे. आणि मग, जागेवर भरवसा नको म्हणून, गाठी पुन्हा ओढून घट्ट केल्या.

ड्रायव्हर निघायच्या तयारीने बादली घेऊन आला. नेहमीसारखं त्याने मागच्या काचेवर पाणी भिरकावलं. उरलेला कळप धुळीसकट एका ओघळात खाली आला.

चौकीच्या दारातून बाहेर पडणाऱ्या मास्तरांना ते दिसलं नव्हतं. पण पाणी आदळल्याचा आवाज ऐकून त्यांची मान खाली गेली, आणि उजवा हात, चित्र काढणारा, आपसूक सदऱ्याच्या खिशात लपला.

अक्कांनी ते पाहिलं. या वेळी पाहिलं. त्या गेल्या, खिशातला हात हळूच बाहेर काढला, आणि फडक्याच्या गाठीवर नेऊन ठेवला.